सव्वा मूठ

शनिवारी दुपारी लीलाधरच्या हॉलमध्ये रोटांचे गहू काढले गेले आणि माझ्या नावाची मूठ पडली नाही. एवढंच झालं. भांडण नाही, चढा आवाज नाही, कुणी मला ऊठ म्हटलं नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, आणि आदल्या दिवशी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. ते दळायचे, त्याचे रोट करायचे आणि भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याच्या तोंडी त्यातला कणसुद्धा जाऊ द्यायचा नाही. मूठ सुंदरबाई वहिनी भरतात, कारण घरात बायकांमध्ये त्याच वडील. ज्याच्या घरी देवी बसणार तो शेजारी बसून नावं घेतो, वयाच्या क्रमानं. लीलाधरनं पहिलं नाव चिंधाभाऊंचं घेतलं. चिंधाभाऊंना ऐकू येत नाही, पण वहिनींचा हात बघून ते दरवर्षी मान हलवतात, तशी त्यांनी हलवली. त्यांच्यानंतर मी. माझी बायको गेल्यापासून त्या क्षणी मी उगीच खुर्चीत सरळ होऊन बसतो. लीलाधरनं माझ्या पाठच्या भाऊबंदाचं नाव घेतलं, "पुना." वहिनींचा हात टोपल्यात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, लीलाधरकडे बघितलं. त्यानं जरा मऊ आवाजात पुन्हा म्हटलं, "पुना, काकू." मग हात मिटला, गहू पडले, वर पाव मूठ पडली, आणि नावं पुढे चालू झाली. भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून कुठल्यातरी दोन देशांचं युद्ध चाललं होतं. नकाशावर लाल बाण इकडून तिकडे सरकत होते. माझी उजवी मूठ मांडीवर आपोआप आवळली गेली होती आणि ती सोडवायला मला डावा हात लागला. शेवटचं नाव गेल्या महिन्यात जन्मलेल्या पोराचं होतं. त्याचीही सव्वा मूठ पडली, आणि सगळे हसले, आणि मीसुद्धा हसलो.

घरी येऊन मी पंखा लावला आणि पंख्याखाली उभाच राहिलो. घर म्हणजे देवपुरातल्या आमच्या गल्लीच्या टोकाचं, दोन खोल्या आणि पुढे ग्रिल. आत एक माणूस, म्हणजे मी. आमच्या घराची मूठ कायम एकच होती. सुगंधा, माझी बायको, चेष्टा करायची, "आपल्या घरचं एकच मत, तेही बाद होण्याच्या लायकीचं." मुलगा झाला नाही, एक दिपमाला झाली, आणि मुलींच्या नावाची मूठ नसते. मी मेलो की माझं घर त्या गव्हाच्या ढिगातून जाणार, हे मला ठाऊक होतं आणि त्याचं मी फारसं मनावर घेतलं नव्हतं. पण मेल्यावर जाणं वेगळं आणि खुर्चीत बसून, डोळ्यांदेखत जाणं वेगळं. मला राग यायला हवा होता. आली ती लाज, पोरवयात भर वर्गात चड्डीची नाडी सुटली होती तेव्हा आली होती तशीच. आणि लाजेच्या खाली, अगदी तळाशी, एक केविलवाणी गोष्ट होती, ती म्हणजे मला ती मूठ हवी होती. सत्तरी उलटलेला, पेन्शन खाणारा, सगळ्या जगाचा इतिहास शिकवलेला माणूस मी. देवधर्माचंही मला फारसं नाही. तरी मला ते सव्वा मूठ गहू हवे होते.

इतिहास शिकवला म्हणजे काय, तर कारणं शिकवली. जुन्या पुस्तकात प्रश्न ठरलेला असे: हुकूमशहाचा उदय का झाला, कारणे द्या. अपमानकारक तह, बेकारी, दुबळं सरकार, प्रभावी वक्तृत्व. पोरं घोकायची, मी फळ्यावर लिहायचो, परीक्षेत मुद्द्याला एकेक गुण द्यायचो. लीलाधर माझ्याच वर्गात होता. माझ्या चुलतभावाचा मुलगा, बापाविना वाढलेला, अभ्यासात बेताचा. त्याला फक्त नकाशा भरायला आवडायचं. जीभ बाहेर काढून, पेन्सिल दाबून दाबून तो देश रंगवायचा, आणि रंग हमखास सीमेबाहेर जायचा. मी अर्धा गुण कापायचो आणि म्हणायचो, "लीलाधर, शेजारच्याचा देश खाऊ नको रे." वर्ग हसायचा. तोही हसायचा. गोड हसू होतं पोराचं, अजूनही आहे. हेच मी कुणाला पटवून देऊ शकत नाही. तो मिशा पिळत, डोळे वटारत आलेला माणूस नाही. तो आला तो पाण्याचा टँकर घेऊन.

नरडाण्याच्या एका कारखान्यात तो माणसं पुरवायचा. ते काम गेलं, आणि उन्हाळाभर तो गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवर नुसता बसून असायचा. लोक जाता-येता विचारायचे, काय लीलाधर, काय चाललंय, आणि त्यात जे थोडं सुख असतं ते घेऊन घरी जायचे. त्याच उन्हाळ्यात बोअर आटली. त्यानं कुठून कुठून ओळखी काढून टँकर आणला, स्वतः नळी धरून घरोघरी पाणी भरलं, माझ्या टाकीत आधी, कारण मी एकटा. मग गल्लीतले दिवे लावून घेतले. भाऊबंदांतल्या नथ्थूच्या आजारी बायकोला स्वतः हातावर उचलून गाडीत घातलं. हे मी नाकारू कसं? नंतर श्रावणात तो म्हणाला, यंदा कानबाई माझ्या घरी बसवू द्या. आमच्याकडे देवी दरवर्षी घर बदलायची, पाळीनं. पाळी पुनाची होती. पण देवी मागणाऱ्याला आमच्यात नाही म्हणत नाहीत. मागणाऱ्याचं काही नवसाचं असेल, कुणी सांगावं. शिवाय पुनाला खर्चाची धास्तीच होती. त्यानं सुटल्यासारखे हात जोडले. पुढच्या वर्षी लीलाधरनं पुन्हा मागितली. तेव्हा पाळी माझी होती. सुगंधा नुकतीच गेली होती, माझ्या घरात पुरण वाटणार कोण आणि पंगत वाढणार कोण. मी मनातून हुश्श केलं. तिसऱ्या वर्षी त्यानं मागितलीच नाही, देवी आपोआप त्याच्याकडे गेली, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्याच्या घरी देवी तो नावं घेणार, हे तर पूर्वापार होतं. पण तोंड दरवर्षी बदलत होतं तोवर त्या नावं घेण्यात काही दम आहे, हे आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. पुस्तकातल्या मुद्द्यांत हा मुद्दा नाही. सोय. त्याच्यामुळे आमची सगळ्यांची फार सोय झाली.

तहाचा अपमानही होताच. आमच्या गावाचे मूळचे दोन भाग, दोन कुळांचे, आणि दोघांनी धुळ्यात येऊन लागून लागून प्लॉट घेतले. आमची एक गल्ली, त्यांची एक, मधे मोकळी जागा आणि तिला एक फाटक. सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत. माझी दिपमाला त्या गल्लीत दिली आहे. सोमवारी सकाळी दोन्हीकडच्या कानबाई एकाच रस्त्यानं पांझरा नदीवर विसर्जनाला जातात. काही वर्षांपूर्वी त्यांची मिरवणूक रेंगाळली, आमची मागे अडकली, चौकात उन्हात उभी राहिली. बायका तिथल्या तिथे फुगड्या खेळल्या, चौकातल्या आपल्या किराणा दुकानातून पुखराजनं सगळ्यांना सरबत पाजलं, आणि आम्ही ते विसरून गेलो. मी तिथे होतो. माझ्या आठवणीत ती सकाळ सरबताची आहे. पण एका रविवारी आरतीनंतर लीलाधरनं माईक हातात घेतला. आधी तो पुस्तकी मराठीत बोलायचा, शब्द शोधत, आणि लोक मोबाईल बघत बसायचे. त्या दिवशी तो अचानक आमच्या बोलीत शिरला. "आपली माय उनमा उभी ऱ्हायनी," तो म्हणाला, "आनि आपू काय करं? आपू आपला डोकावर रुमाल लिधा." मग तो गप्प बसला. फार वेळ गप्प बसला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मी बघितलं, पुनाचे ओठ थरथरत होते. त्याच पुनानं त्या सकाळी दोनदा सरबत मागून घेतलं होतं. माझाही रुमाल डोळ्यांकडे गेला. सरबत आठवत असूनही गेला. ते मला अजून कळत नाही. "आते माय थांबाव नही," आता देवी थांबणार नाही, असं लीलाधर अगदी हळू म्हणाला, आणि त्या हॉलमध्ये असा आवाज उठला की चिंधाभाऊंनासुद्धा तो ऐकू आला असावा, ते इकडेतिकडे बघायला लागले.

त्यानंतरचं सगळं उतारावरून गाडगं घरंगळावं तसं झालं. मोकळ्या जागेच्या फाटकाला कुलूप लागलं. कुणी लावलं, म्हणून त्या गल्लीनं विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलंही एक कुलूप लावलं; म्हणजे आता दोघांपैकी एकट्याला उघडता येऊ नये. त्यांनीही एक लीलाधर शोधून काढला, भाईदास नावाचा, बँकेतून निवृत्त, वारकऱ्यासारखा सौम्य माणूस, तोही वर्षभरात माईकवर गप्प बसायला शिकला. पुखराज मला एकदा म्हणाला, "गुरुजी, गुलालसुद्धा आता वेगळा मागतात. तुमच्याकडे गुलाबी, त्यांच्याकडे पिवळा. मी विकणार नाही म्हटलं तर माझं दुकान कुणी फोडायचं, ते पहिल्यांदाच दोघे मिळून ठरवतील." मग शपथा आल्या. यंदा आषाढात लीलाधरनं हळदीचं ताट फिरवलं; हात बुडवायचा आणि म्हणायचं, त्या गल्लीचं पाणी पिणार नाही, अन्न खाणार नाही. सगळ्यांनी बुडवला. ताट माझ्यापुढे आलं तेव्हा मी म्हणालो, "मना तं डबाच तठून येस रे." लोक हसले. मीही चेष्टेवारीच नेलं. मी काही शूर नव्हतो, भूक लागते म्हणून बोललो. सुगंधा गेल्यापासून दिपमाला माझा संध्याकाळचा डबा देते, फाटकाच्या जाळीवरून, आणि सकाळी मी तो धुऊन परत करतो. रिकामा परत करू नये म्हणून त्यात काहीतरी घालून, कधी पेरू, कधी चिंचेच्या गोळ्या, नाहीतर नुसती साखर. लीलाधरही हसला होता. त्यानं ताट पुढे नेलं. ते ताट कुठे पोचलं ते मला शनिवारी दुपारी कळलं.

संध्याकाळी मी फाटकापाशी गेलो. दिपमाला आधीच उभी होती, ओढणी डोक्यावर ओढून, उगीच इकडेतिकडे बघत. माझी लेक चाळिशीला आली आहे. कपाळ आईसारखं, रुंद आणि मोकळं. "शेवभाजी आहे बाबा," ती म्हणाली, "तिखट झालीय, आधीच सांगते." मी म्हणालो, बरं. मग तिनं विचारलं, गहू काढले का? दरवर्षी विचारते. लहानपणी ती त्या ढिगाशी बसून वहिनींना म्हणायची, एक मूठ माझीपण, आणि वहिनी तिच्या बोटावर चापट मारायच्या. लग्नानंतर तर रोट तिला चालतच नाही, ती परकी झाली. पण सुगंधा जिवंत होती तोवर पदराखालून एक तुकडा तिला पोचवायची. मी रागावलो तर म्हणायची, "देवी काय हिशेब घ्यायला बसलीय?" मी दिपमालाला म्हणालो, "काढले." पुढचं मला सांगता आलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे जरा जास्तच बघितलं. "बाबा," ती म्हणाली, "सोमवारी घरात बसा. यंदा आमची कानबाई माझ्या डोक्यावर दिलीय." मी म्हणालो, तुझी जाऊ घेते ना दरवर्षी? "हो. पण भाईदासकाका म्हणाले, दिपमालाला पुढे ठेवा, ती त्यांची लेक आहे, तिच्यावर ते हात उचलणार नाहीत." हे ती अगदी साधेपणानं म्हणाली, जसं कुणी म्हणावं की छत्री घेऊन जा, पाऊस आहे. जाळीत तिची बोटं होती. मी त्यांवर बोटं ठेवली, आणि आमच्या गल्लीत कुणाचं दार वाजलं तसे दोघांनीही हात मागे घेतले.

रविवारी दुपारी लीलाधर स्वतः आला. दारात चपला काढल्या, माझ्या पायाला हात लावला, ग्रिलजवळच्या खाटेवर बसला. घरोघर पुरणाचा वास होता. तो थकलेला दिसला, डोळ्यांखाली काळं. मला त्याची कीव आली, आणि ती आली म्हणून स्वतःचा वैताग आला. "नाना, राग उना का?" त्यानं विचारलं. "तुमनी मूठ कोठेच गयी नही. मी बाजूले ठेयेल शे," तो म्हणाला, आणि खिशातून खरोखर एक पुरचुंडी काढली. पांढऱ्या फडक्यात गहू होते. त्यानं ती माझ्यापुढे न ठेवता स्वतःच्या मांडीवर ठेवली. "सुंदरकाकू रोट भाजी ऱ्हायनी. आते दिधा तरी चालई. फक्त एक काम करानं नाना. उद्याले तांब्या तुम्ही धरा." देवीच्या पुढे पाण्याची धार सोडत वडील माणूस चालतो, तो तांब्या. चिंधाभाऊंचा मान तो. "चिंधाभाऊ?" मी विचारलं. "त्यास्ले काय ऐकू येस! गर्दी व्हई. आनि तुम्हले पुढे दखीसन त्या दगड उचलाव नहीत. त्यास्नी सून तुमनी आंडेर शे ना." आंडेर म्हणजे लेक, माझी दिपमाला. तिकडचा भाईदास आणि इकडचा हा, एकमेकांशी वर्षात बोललेले नाहीत, आणि दोघांना एकच सुचलं. "आनि तू कोठे ऱ्हाशी?" मी विचारलं. "मी? मी तुमना मांगेच शे," तो म्हणाला आणि हसला, तेच वर्गातलं हसू.

तेव्हा काय म्हणायला हवं होतं ते मला नीट माहीत होतं. मी ते मुद्देसूद बोलू शकलो असतो. कुठल्या देशात कोणत्या साली कोण कुणाला असंच म्हणाला आणि पुढे किती माणसं मेली, हे मी तोंडपाठ सांगितलं असतं. मी म्हणालो, "लीलाधर, त्यास्ले जाऊ दे ना पुढे. काय बिघडस?" तो जरा वेळ पुरचुंडीवरून अंगठा फिरवत राहिला. "नाना, मी जाऊ दिसू," तो म्हणाला, "पन या बठ्ठा जाऊ देतीन का?" आणि हात ग्रिलबाहेर केला. बाहेर गल्लीत पोरं बांबूंना झेंडे लावत होती, बायका अंगण झाडत होत्या, पुना शिडीवर चढून माळा बांधत होता. साधी, ओळखीची माणसं. मला पहिल्यांदा वाटलं की यालाही आता थांबता येत नाही. तो पुढे आहे असं आम्हाला वाटतं आणि आम्ही त्याला ढकलत असतो. पण ढकलणाऱ्यांपैकी कुणालाही विचारलं तर तो म्हणेल, मी तर नुसता मागे चालत होतो. लीलाधर उठला. पुरचुंडी त्यानं परत खिशात घातली. मग मी म्हणालो, "ठीक शे. धरसू." मी स्वतःला सांगितलं, पुढे असेन तर थांबवता येईल. दुपारभर ते सांगत राहिलो. संध्याकाळी फाटकावर डबा घ्यायला गेलो नाही. दिपमालाला तोंड काय दाखवणार? शनिवारचा डबा, सकाळी परत करायचा राहिलेला, धुऊन खुंटीला अडकवलेला होता, त्यात अजून काही घातलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मला फेटा बांधला. तो बांधताना पुना, नथ्थू, सगळे भोवती होते. कुणी माझ्या सदऱ्याची कॉलर सारखी केली, कुणी पाठीवर हात ठेवला. ज्यांनी शनिवारी माझ्याकडे बघितलं नव्हतं त्यांनीच. आणि मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही, कारण सगळं यातच आहे. जळगावहून आणलेल्या डीजेचा ठोका छातीत वाजत होता, गुलाबी गुलाल उडत होता, माझ्या हातात तांब्याचा तांब्या होता आणि मागे शेकडो माणसांची ऊब. त्या उबेत माझा एकटेपणा, माझी रिकामी दोन खोल्यांची संध्याकाळ, सगळं वितळून गेलं. मी धार सोडत चाललो. चौकाजवळ पुखराजचं दुकान बंद होतं, शटर खालपर्यंत. आणि समोरच्या वळणावरून पिवळा गुलाल आला. डीजे बंद झाला. कुणी केला माहीत नाही. त्यांचेही ढोल थांबले. रस्ता पुढे पांझरेकडे एकच होता, आणि त्याच्या तोंडाशी ते आणि आम्ही. त्यांच्या पुढे दिपमाला होती. डोक्यावर चौरंग, चौरंगावर नारळाची कानबाई, नथ घातलेली, आणि तो सावरायला दोन्ही हात वर. तिनं मला बघितलं. तिच्या तोंडावर आधी आनंदच आला, आपलं माणूस गर्दीत दिसल्यावर येतो तो. मग तिनं माझ्या हातातला तांब्या बघितला, फेटा बघितला.

धार थांबवायची, तांब्या खाली ठेवून बाजूला व्हायचं, एवढंच करायचं होतं. वडील माणूस थांबला की देवी थांबते. तीही पूर्वापार रीत आहे. मी थांबलो असतो तर मागचे थांबले असते की मला तुडवून गेले असते, हे आता कधीच कळणार नाही. मागून लीलाधरचा आवाज आला, हळू, कानाजवळ, जवळजवळ प्रेमानं: "नाना, चाला." आणि मी पाऊल टाकलं. एकच. पण धार पुढे सरकली ती सगळ्यांनी बघितली. मग माझ्या उजव्या कानावरून काहीतरी सुं करत गेलं, मागून पुढे, आणि दिपमालाच्या कपाळावर लागलं. तिचे दोन्ही हात वर होते. तिला तोंड झाकता आलं नाही. तिनं देवीही टाकली नाही. चौरंग तसाच धरून ती हळूहळू खाली बसली, आणि तिच्या नाकावरून रक्त ओघळताना मला दिसलं. ते सुगंधाचं कपाळ होतं. त्यानंतर दोन्हीकडून सगळं सुटलं. झेंड्याचे बांबू, विटा, फुटलेल्या ट्यूबलाइट. मला कुणीतरी उचलून पुखराजच्या शटरशी नेलं. तांब्या माझ्या हातातच होता, आणि त्यात तळाला थोडं पाणीही उरलं होतं.

दुपारी पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. आमच्यातले कितीतरी फुटलेल्या डोक्यांचे, दोघांचे हात मोडलेले. त्यांच्यात त्याहून जास्त, असं लोक म्हणत होते, आणि म्हणताना आवाजात जरा उजेड होता. जावयाचा फोन आला होता. "टाके घातलेत. उजव्या डोळ्याचं डॉक्टर सांगत नाहीत," तो म्हणाला, आणि थोडा थांबून, "मामा, तुम्ही येऊ नका. ती म्हणतेय, येऊ नका." मी फोन खिशात ठेवला. लीलाधरच्या हॉलमध्ये पंगत बसली होती. विसर्जन झालं, न झालं, रोट संपवायचे असतात. दार आतून लावलं होतं. टीव्ही चालू होता, आवाज बंद, बाण सरकत होते. लीलाधरच्या हाताला पट्टी होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, दगड त्यांचाच होता. त्यांनी स्वतःच्याच सुनेला मारून आपल्यावर घातलंय, अशी ती माणसं आहेत. कुणी हुंकार दिला. मग तो माझ्याकडे वळला. "नाना पुढे व्हतात. नानासनी दखं. ईचारा नानाले." सगळे माझ्याकडे बघायला लागले, पुना, नथ्थू, कोपऱ्यातून बायका. चिंधाभाऊंनीही बघितलं, त्यांना वाटलं जेवायला सुरुवात झाली. माझ्या कानात तो सुं अजून होता. तो मागून आला होता, हे मला पुरेपूर माहीत होतं.

सुंदरबाई वहिनी ताट घेऊन माझ्यापुढे आल्या. त्यांचे डोळे रडून सुजले होते. हात तोच, दिपमालाच्या बोटावर चापट मारणारा. त्यांनी माझ्या पानात रोट ठेवला, वर तूप, बाजूला गंगाफळाची भाजी. "हाऊ तुन्हा," त्या पुटपुटल्या, "तुन्ही मूठ पडी गयी काल. मीच टाकी." मी एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सगळे वाट बघत होते. तोंडात घास असताना बोलता येत नाही, म्हणून मी चावत राहिलो. तो गिळला तेव्हा दुसरा घातला. माझं चावणं हाच होकार समजून लोकांनी आपापसांत माना हलवल्या, लीलाधर खाली बसला, आणि पंगत जेवायला लागली. कालच्या दुपारनंतर मी काही खाल्लं नव्हतं. घरी खुंटीवर तो धुतलेला डबा असेल, रिकामा, आणि त्यात घालायला आता हे रोटही चालणार नव्हते, कारण ती परकी. सुगंधा असती तर पदराखाली घेऊन कधीच उठली असती. मी पानावरच बसून राहिलो. शेवटी ताटात एक तुकडा उरला. वहिनी म्हणाल्या, "खाई ले रे अमृत. रोट उरू देवाना नही." मी तो खाल्ला. रोट चांगला झाला होता.